मारुतीच्या कमरेला

गंगापूर धरणातून विसर्ग वाढवल्याची बातमी आली की तास-दोन तासांत अख्ख्या नाशिकचा प्रश्न एकच असतो : मारुतीला कुठवर लागलं? किती हजार क्युसेक सोडले, हा आकडा छापायला बरा. गावाचं माप निराळं आहे. घोट्याला, गुडघ्याला, कमरेला, छातीला. कमरेला लागलं की भांडीबाजारातले दुकानदार खालच्या फळीवरची पातेली वर चढवायला लागतात. छातीला लागलं की सराफबाजारात शटर ओढल्याचे आवाज. मारुती बुडालाच, तर मग चौकशी होते सरकारवाड्याच्या पायऱ्यांची. पाणी कितवीला टेकलं? अशा वेळी घरातलं कुणीतरी म्हातारं माणूस १९६९ चा पूर काढतंच, आणि मग २००८, २०१६, २०१९ चे पूर त्याच्यापुढे किरकोळ ठरतात.

हा दुतोंड्या मारुती. गोदाघाटावर ऐन पात्रात उभा. एक तोंड पाणी येतं तिकडे, दुसरं पाणी जातं तिकडे. शिल्प म्हणून त्याचं कुणी कौतुक केल्याचं मी ऐकलेलं नाही. त्याची उंची कमी आहे, चेहऱ्यावर भाव नाहीत, तो ऐतिहासिक सत्याला धरून नाही, अशी तक्रारही कधी झाली नाही. तो कामावर आहे, एवढंच गावाला ठाऊक. या शहरात गेल्या पंचवीस वर्षांत घाट, बाग, पूल, पुतळा, स्मारक, जे जे उभं राहिलं किंवा पाडलं गेलं त्या प्रत्येकावर वाद झाला. हा लेख त्या वादांबद्दल आहे, आणि मला त्याची सुरुवात या बिनवादाच्या मारुतीपासूनच करावीशी वाटते.

*

आधी एक गोष्ट सांगायला हवी. नाशिकचा माणूस नदीला गोदावरी म्हणतो ते भाषणात. घरात ती गंगा. ‘गंगेवर जाऊन येतो’ म्हटलं की काशीचं तिकीट काढायचं नसतं. सायकल किंवा अ‍ॅक्टिव्हा काढायची असते. गंगेवर भाजी मिळते, बुधवारचा बाजार भरतो, दशक्रिया होते, पोहायला शिकता येतं, रुसून बसायलाही जागा असते. स्मारक म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे चौथरा आणि साखळी येते. या शहराचं खरं स्मारक मात्र पायाखालचं आहे. लोक त्याच्यावर कपडे वाळत घालतात, म्हणून ते स्मारक वाटत नाही, इतकंच.

ते एका दिवसात झालेलं नाही आणि एका माणसाने केलेलं नाही. १८८३ च्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या नाशिक खंडात रामकुंडाचं बांधकाम १६९६ सालचं, चित्रराव खटारकरांनी केलेलं, असं नोंदलंय. पुढे पेशवाईत इथे दगडाला उधाण आलं. नारोशंकर राजेबहाद्दरांनी १७४७ मध्ये रामेश्वराचं देऊळ बांधलं; वसईच्या मोहिमेतून आलेली पोर्तुगीज घंटा त्याच्या तटावर चढली आणि मोठ्या आवाजाच्या माणसाला नाव ठेवायची सोय झाली. १७५६ मध्ये गंगाधर यशवंत चंद्रचूडांचं सुंदरनारायण. मग रंगराव ओढेकरांचं काळाराम. अहिल्याबाई होळकरांचं आणि गोपिकाबाई पेशव्यांचं नाव या काठावर ठिकठिकाणी भेटतं. लक्ष्मणकुंड, धनुष्यकुंड, सीताकुंड, दशाश्वमेध, रामगया, पेशवे कुंड, खंडोबा कुंड अशी एकाला लागून एक कुंडं झाली. मधे सांडवे. सांडवा म्हणजे पात्रातून आडवी गेलेली ठेंगणी दगडी भिंत : उन्हाळ्यात पाणी अडवायची, त्याच्यावरून पलीकडे जाता यायचं, आणि पूर आला की निमूट पाण्याखाली जायची.

आता खरं बोलायचं तर पेशवाईत कुणी हरकती-सूचना मागवल्या नव्हत्या. सरदाराकडे पैसा, सरदाराची इच्छा, पुण्याची गरज. पाथरवट लागले कामाला. तेव्हा ‘पूर्वी कसं सगळं लोकांना विचारून व्हायचं’ असला गोड गैरसमज नको. तरीही तो घाट एकसंध दिसतो. का दिसतो, यावर मी पुष्कळ वेळा पायऱ्यांवर बसून विचार केलाय. एक कारण उघड आहे : दगड एकच, काळा, आसपासच्या डोंगरांतला, घडवणारे हातही त्याच परंपरेतले. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. प्रत्येकाने आपल्या ऐपतीपुरता तुकडा बांधला. तुकडा बांधला की पुढच्या पावसाळ्यात गंगा तो तपासायची. जो टिकला त्याला लागून पुढचा. म्हणजे माणसांना विचारलं नसेल, पण नदीला दरवर्षी विचारलं गेलं, आणि तिचा नकार ऐकण्याइतकं काम संथ होतं.

हे २००२-०३ मध्ये बदललं.

*

२००३ च्या सिंहस्थ कुंभमेळ्याच्या तयारीत रामकुंड परिसरातल्या पात्रात आणि कुंडांच्या तळाशी काँक्रीट ओतलं गेलं. कुंडांच्या मधल्या भिंती, उतरत्या पायऱ्या, तळातले झरे, सगळ्यावर एक सपाट थर. वरून पाणी सोडलं की लांबलचक तलाव दिसायचा, स्वच्छ आणि आधुनिक.

त्या निर्णयाची आज टवाळी करणं सोपं आहे. मला ती पूर्ण पटत नाही. सिंहस्थात पर्वणीच्या दिवशी त्या अरुंद जागेत किती माणूस उतरतो हे ज्याने पाहिलंय, त्याला शेवाळलेली, खोल-उथळ, मधेच तुटणारी दगडी कुंडं भीतीदायक वाटली तर नवल नाही. पाय घसरून कुणी दगावलं की जाब प्रशासनाला द्यावा लागतो, चित्रराव खटारकरांना नाही. आणि त्याच सिंहस्थात, २७ ऑगस्ट २००३ ला, चेंगराचेंगरी होऊन अनेक भाविक गेले. मात्र ती पात्रात नव्हती. सरदार चौकाकडच्या उताराच्या गल्लीत होती. ज्या धोक्यासाठी पात्र बुजवलं तो धोका दुसऱ्याच वळणावर उभा होता.

काँक्रीटचा परिणाम सावकाश कळला. कुंडांना आतून जिवंत झरे होते. उन्हाळ्यात वरून पाणी आलं नाही तरी तळ ओला असायचा. थर पडल्यावर कुंड धरणाच्या आवर्तनावर जगायला लागलं. पाणी सोडलं तर तीर्थ, नाही सोडलं तर डबकं. रामकुंडात अस्थी विरघळतात ही पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा. आता त्या काँक्रीटच्या तळावर तशाच पडून राहतात अशी कुजबुज सुरू झाली. श्रद्धा आणि भूजलशास्त्र एका बाजूला उभे राहण्याचे प्रसंग फार येत नाहीत. इथे आला.

गोदावरीच्या प्रदूषणावर २०१२ पासूनच मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका चालू होती आणि न्यायालयाने ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेला उपाय सुचवायला सांगितलं होतं. काँक्रीटचा मुद्दा गोदाप्रेमी सेवा समितीच्या देवांग जानी यांनी वेगळा लावून धरला. गॅझेटियर, जुने भूमापन नकाशे, जुनी छायाचित्रं गोळा करून त्यांनी दाखवून दिलं की इथे सतरा कुंडं होती, अमुक अमुक जागी होती, आणि ती नष्ट झालेली नाहीत, बुजवलेली आहेत. मला या सगळ्या प्रकरणातला हाच भाग विलक्षण वाटतो. ‘आमचा वारसा, आमची अस्मिता’ असं ओरडून सभा जिंकता येते. इथे वाद जिंकला तो नकाशाने.

२०२० मध्ये स्मार्ट सिटीच्या ‘प्रोजेक्ट गोदा’खाली काही कुंडांमधलं काँक्रीट फोडायला सुरुवात झाली. करोनाचे दिवस, घाट कधी नव्हे इतका रिकामा. मी एक सकाळ तिथे काढली. ब्रेकरची धडधड थांबली की काम करणारी पोरं लोखंडी पहारीने एक-एक ढलपी उचलत होती. वरची बाजू करडी आणि सिमेंटची. उलटी केली की खालच्या बाजूला पायरीचा ठसा उमटलेला, जसा साच्यावर उमटतो तसा. टाकीचे घावसुद्धा दिसत होते, उलटे. सतरा-अठरा वर्षं त्या काँक्रीटने पायरी गाडली होती आणि तिचा छापही जपून ठेवला होता. ढलपी बाजूला गेली की खालचा दगड काळाभोर, ओला. थोड्या वेळाने एका सांध्यातून पाणी झिरपायला लागलं. पोरं पंप लावायच्या खटपटीला लागली. त्यांच्या दृष्टीने ती अडचण होती. काठावर जमलेल्या चार म्हाताऱ्या माणसांनी मात्र हात जोडले.

रामकुंडातलं काँक्रीट निघालं का, हे विचारू नका. तिथे पुन्हा वाद. काही पुरोहितांना झरे मोकळे व्हायला हवेत, काहींना तिथे येणाऱ्या भाविकांच्या सोयीची काळजी. रामकुंडाशेजारचं वस्त्रांतरगृह घ्या. उभारलं तेव्हा ती सोय होती, बायकांना कपडे बदलायला आडोसा. पुढे तेच घाटाच्या तोंडावरचं काँक्रीटचं धूड ठरलं. गोदाघाटावर कालची सोय आजचं अतिक्रमण होते, आणि दोन्ही वेळा ठराव एकमताने होतो.

*

काँक्रीट काढणाऱ्याच प्रकल्पात पुढे उलटा प्रकार घडला. सांडव्यावरच्या देवीजवळच्या जुन्या घडीव पायऱ्या सुशोभीकरणाच्या कामात उखडल्या गेल्याचं लोकांच्या लक्षात आलं. बोंब झाली, आंदोलन झालं, पुरातत्त्व खात्याचे लोक येऊन पाहून गेले, आणि त्या पुन्हा दगडात बांधून देण्याचं कबूल झालं. एक हात वारसा उघडा करतोय आणि त्याच स्मार्ट सिटी कंपनीचा दुसरा हात वारसा उखडतोय. हे दुष्टपणाने झालं असं मला वाटत नाही. कागदावर ‘जुनी तुटकी पायरी काढणे व नवीन बसवणे’ अशी ओळ असणार, आणि ठेकेदाराने ओळीप्रमाणे काम केलं असणार. निविदेत ‘फरशी’ असते, चौरस मीटरमध्ये. ‘पायरी’ नसते.

या दोन शब्दांमधला फरक पाहायचा असेल तर घाटावर जाऊन जुन्या पायरीवर बसा. दगड पुढच्या कडेला किंचित गोलावलेला असतो. तो पायांनी झिजून झालाय की घडवतानाच तसा ठेवला होता हे सांगता येत नाही. वरचा पृष्ठभाग टाकीने मुद्दाम खरखरीत सोडलेला, म्हणजे ओल्या पायाला धर मिळावा. पायरी पाण्याकडे अगदी थोडा उतार घेऊन बसवलेली. पाणी साचत नाही. उंची एवढी, की लुगड्याचा ओचा न उचलता बाई उतरू शकेल, आणि रुंदी एवढी, की बसल्यावर मागच्याचे पाय पाठीला लागणार नाहीत. आता नव्या फरशीवर या. मशीनने कापलेला दगड, कडा काटकोनात, वरून गुळगुळीत. उन्हाळ्यात सुंदर दिसतो. पहिल्या पावसानंतर त्याच्यावर शेवाळाचा पातळ थर चढतो, आणि मग दोन हात हवेत फेकून स्वतःला सावरणारी माणसं पाहायला मिळतात. त्यांत एकदा मीही होतो. चहावाल्याने न मागता खुर्ची दिली.

तेव्हा ‘जुनं ते सोनं’ हा मुद्दाच नाही. जुनं इथे चांगलं आहे कारण ते ओल्या पायासाठी घडवलंय. नव्यालाही ते जमेल. कुणीतरी आराखडा काढण्याआधी जुलै महिन्यात अनवाणी घाट उतरून पाहायला हवा, एवढंच.

*

नदीपासून थोडं दूर जाऊ. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी, मुंबई-आग्रा महामार्गालगत, २९ एकरांवर दादासाहेब फाळके स्मारक आहे. धुंडिराज गोविंद फाळके जन्माने त्र्यंबकेश्वरचे, १८७० चे. १६ फेब्रुवारी १९४४ ला गेले ते नाशकात. ज्या माणसाने १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला त्याचं स्मारक त्याच्या गावी व्हावं हे रास्तच. नव्या शतकाच्या तोंडावर ते झालं. कारंजी, बाग, सभागृह, शेजारी बुद्धस्मारक. सुरुवातीची काही वर्षं शाळांच्या सहली तुडुंब. नंतर कारंजी बंद पडली, रंग उडाला, गवत वाढलं, आणि ‘फाळके स्मारकाचं करायचं काय’ हा महापालिकेचा बारमाही विषय झाला. खासगीकरण करावं, चित्रनगरी करावी, पुनर्विकास करावा. एवढ्या सूचना आल्या, पण मूळ प्रश्न कधी नीट विचारला गेला नाही असं मला वाटतं : सिनेमाच्या माणसाच्या स्मारकात सिनेमा कुठे आहे? पडद्यासमोर अंधारात बसण्याचा अनुभव फाळक्यांनी आपल्याला दिला. आपण त्यांना उन्हातली बाग दिली.

गोदापार्कचं तसंच. काठाने फिरायची वाट, झाडं, बाकडी. कल्पना देखणी होती, राज ठाकऱ्यांनी मनापासून उचलून धरलेली. २०१२ नंतर महापालिकेत मनसेची सत्ता आल्यावर उद्योगसमूहाच्या मदतीने ती पुढेही सरकली. बरंचसं काम निळ्या पूररेषेच्या आत. २ ऑगस्ट २०१६ ला गंगा आली आणि तिने तिचा अभिप्राय दिला. त्या दिवशी मारुती दिसत नव्हता.

आणि पुतळे. पुतळ्यांच्या बाबतीत आपण महाराष्ट्रातली माणसं उंची विचारतो, बाकी काही विचारत नाही. अरबी समुद्रातल्या शिवस्मारकाचं जलपूजन २०१६ च्या डिसेंबरात झालं. त्यानंतरचा वाद कितीतरी दिवस मीटरमध्ये चालू होता. इंदू मिलच्या जागेवरच्या बाबासाहेबांच्या स्मारकाचाही आकडा वर चढत गेला : शंभर फुटी चौथरा, साडेतीनशे फुटी पुतळा. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवपुतळा ४ डिसेंबर २०२३ ला उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. मग कळलं, कला संचालनालयाने पाहिला होता तो सहा फुटी मातीचा नमुना. प्रत्यक्षात तो पस्तीस फुटी होणार हे आपल्याला सांगितलंच नव्हतं, असं त्यांचं म्हणणं. सहा फुटांचं पस्तीस फूट करताना वारा किती पटींनी वाढतो, हा प्रश्न कलेचा की स्थापत्याचा? दोन्ही खात्यांच्या मधल्या जिन्यावर तो बसून राहिला असावा.

नाशिकला तर पुतळ्यांविषयी बोलण्याचा विशेष हक्क आहे. मध्यरात्रीनंतर महापुरुषांचे पुतळे एकत्र जमतात आणि आपापल्या वाट्याला काय आलं ते सांगतात, ही ‘अखेर कमाई’ कविता लिहिणारे कुसुमाग्रज याच गावचे. कवितेवर माना डोलावणारी आणि नवीन चौथऱ्याचा नारळ फोडणारी माणसं बहुतेक वेळा एकच असतात. असो.

*

वॉशिंग्टनमधल्या व्हिएतनाम युद्धाच्या स्मारकाची गोष्ट आपल्याकडे स्थापत्याच्या वर्गात सांगतात, पण तिचा अर्धाच भाग. पूर्ण अशी : १९८१ मध्ये खुली स्पर्धा झाली. १,४२१ आराखडे आले. ते सगळे एका हवाई तळाच्या हँगरमध्ये ओळीने टांगले, नावं झाकून, फक्त क्रमांक. परीक्षकांनी निवडलेला क्रमांक निघाला माया लिन नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थिनीचा. जमिनीत उतरत जाणारी काळ्या दगडाची भिंत आणि तिच्यावर मेलेल्या सैनिकांची नावं. ना घोडा, ना झेंडा, ना तलवार. गदारोळ झाला. हा सैनिकांचा अपमान आहे, ही शरमेची खूण आहे, असं बोललं गेलं. शेवटी तडजोड म्हणून जवळच तीन सैनिकांचा नेहमीच्या पद्धतीचा पुतळा १९८४ मध्ये उभा केला. आज लोक भिंतीपाशी थांबतात, बोटाने नाव चाचपतात, कागद ठेवून पेन्सिलीने नाव उतरवून नेतात.

ही गोष्ट सांगताना आपण माया लिनच्या प्रतिभेवर थांबतो. मला हँगर महत्त्वाचा वाटतो. भांडण तिथेही कडू झालं, पण ते भांडण कागदावरच्या रेषांवर झालं, खोदाई व्हायच्या आधी. आपल्याकडे भांडण जेसीबीशी होतं. जेसीबीशी भांडताना बोलायला दोनच वाक्यं उरतात : ‘थांबवा’ आणि ‘चालू ठेवा’. ‘पायरीची उंची थोडी कमी करा’ हे तिसरं वाक्य तिथे ऐकूच येत नाही.

आणि आपली माणसं तिसरं वाक्य बोलू शकतात. गंगेवरचा रामसेतू पूल पाडायचा विषय २०२२ मध्ये निघाला तेव्हा विरोध करणाऱ्या सराफबाजारातल्या आणि पंचवटीतल्या लोकांना पुलाचं कुठलं टोक पुरात कसं वागतं हे पाठ होतं. होळकर पुलाखाली पाणी रोखायला यांत्रिक दरवाजे बसवायचं ठरलं तेव्हा ते पुरात वेळेवर उघडतील का, हा पहिला प्रश्न काठावरच्या दुकानदाराचा होता. हे ज्ञान कुठल्या सल्लागाराच्या सादरीकरणात नसतं. ते ओट्यावर असतं, फुकट असतं, आणि कुणी विचारायला येत नाही म्हणून चहाबरोबर विरून जातं.

*

आता पुढचा सिंहस्थ. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण, २ ऑगस्ट २०२७ ला पहिलं अमृतस्नान. तारखा ठरल्या की आराखड्यांना पाय फुटतात. जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान रामकुंडावर आणि काळारामात येऊन गेले; त्याच वर्षी नोव्हेंबरात केंद्राने ‘रामकालपथ’ नावाच्या प्रकल्पासाठी ९९ कोटी १४ लाख रुपये मंजूर केले. रामकुंड, सीतागुंफा, काळाराम यांच्याभोवतीच्या पंचवटीच्या गल्ल्या एका सूत्रात बांधायच्या, रामकथेतले प्रसंग उभे करायचे, दर्शनी भाग एकसारखे करायचे, रोषणाई करायची.

वाईट वाटावं असं यात काही नाही. पंचवटीतल्या लोंबकळत्या वायरी, उघडी गटारं आणि एकमेकांच्या अंगावर आलेले फलक पाहिले की कुणीतरी पैसे घेऊन यावं असं वाटतंच. माझी अडचण ‘एकसारखे’ या शब्दापाशी आहे. काळारामाच्या पूर्व दरवाजाशी उभं राहा. १९३० च्या मार्चमध्ये इथेच बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह उभा राहिला आणि पुढे पाच वर्षं चालला. हा पथ रामाच्या काळाचा असेल, तर त्यात १९३० साल कुठे बसवणार? की रंगीत कमानीच्या मागे ते दिसणारच नाही? नाशिकच्या गल्ल्यांत काळ ओळीने उभा राहत नाही. पेशव्यांचा वाडा, इंग्रजी अमदानीतली लाकडी गॅलरी, साठ सालचं गिलाव्याचं घर, आणि खाली मोबाइल रिचार्जचं दुकान. याला एक रंग दिला की पाहुण्याला छान फोटो मिळेल, पण पत्ता सांगायची पंचाईत होईल.

दुसरा मुद्दा पुन्हा पाण्याचाच. नव्या शिल्पांचे चौथरे, दिव्यांचे खांब, केबलचे खड्डे, हे पूररेषेच्या कुठल्या बाजूला येतात? पथाचा एक नकाशा मोठ्या आकारात छापून, त्याच्यावर १९६९, २००८, २०१६ आणि २०१९ च्या पाण्याच्या रेषा चार रंगांत काढून, यशवंतराव महाराज पटांगणावर आठ दिवस लावून ठेवायला किती खर्च येईल? भूमिपूजनाच्या फ्लेक्सहून जास्त नक्की नाही. बुधवारी लावला तर बाजाराला आलेली सगळी पंचक्रोशी पाहील. पहिल्या दिवशी लोक स्वतःचं घर शोधतील. दुसऱ्या दिवशी चुका काढतील. तिसऱ्या दिवशी भांडतील. तेच तर हवंय.

याच गावात गाडलेलं जपायची आणखी एक रीत आहे, ती कुठल्याच प्रकल्पात नाही. जुन्या नाशकात पेशवेकाळापासूनच्या रहाडी आहेत, रंगपंचमीचे दगडी हौद. वर्षभर त्या रस्त्याखाली असतात. वरून रिक्षा जातात. रंगपंचमीच्या आधी मानकरी मंडळी येतात, खोदून फळ्या उचलतात, माती उपसतात, हौद धुतात, पूजा करतात, रंग कालवतात. एक दिवस अख्खी गल्ली त्यात उड्या मारते. मग पुन्हा फळ्या, पुन्हा माती, पुन्हा रस्ता. ना फलक, ना तिकीट, ना सल्लागार. रहाड नेमकी कुठे खोदायची हे गल्लीला पाठ असतं, म्हणून ती हरवत नाही.

परवा पूर ओसरल्यावर मी घाटावर गेलो होतो. महापालिकेचे लोक जोराच्या फवाऱ्याने गाळ धूत होते. मारुतीच्या छातीच्या वर मातकट रेघ अजून ओली होती. एक पोरगा मोबाइलवर फोटो काढून कुणाला तरी पाठवत होता, ‘इथपर्यंत’ म्हणून बोट दाखवत. फवारा पायरीवर आला. गाळ सरकून सांध्यांतून खाली गेला आणि काळा दगड वर आला. शेजारच्या नव्या फरशीवरचा गाळ तिथेच पसरला. कामगाराने फवारा बंद केला, झाडू मागवला, आणि चप्पल काढून हातात घेतली.